‘अस्तु’ आणि शुश्रूषेचा प्रश्न

१

वृद्ध माता-पिता आणि त्यांची मुले यांच्यातील संबंध हा मराठी रंगभूमीचा गेल्या अर्धशतकातील एक आवडता विषय आहे. या विषयावरील नाटकांनी प्रेक्षकांना रडविले, अंतर्मुख केले आणि कृतज्ञतेच्या कर्तव्याचे स्मरण करून दिले. तथापि वृद्धाचे शरीर हिंडतेफिरते असताना त्याची स्मृती व विवेक क्रमाक्रमाने नाहीसे होऊ लागले, तर त्याला दिवसरात्र सांभाळणाऱ्या माणसांचे काय होते, हा प्रश्न या परंपरेने क्वचितच विचारला. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ (२०१३) या चित्रपटाने तो ठळकपणे मध्यभागी आणला. त्या चित्रपटाचे मोल कशात आहे, आणि तो प्रश्नाच्या ज्या उंबरठ्यापर्यंत येऊन थांबतो तो उंबरठा कोणता, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीतील अंदाजानुसार भारतातील साठ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. त्यांतील बहुसंख्यांची देखभाल रुग्णालयात नव्हे, तर घरात होते; आणि घरात ती बहुधा पत्नी, कन्या किंवा सून करते. हे काम महिन्यांचे नसून वर्षांचे असते. ते करणाऱ्यांना त्याचे शिक्षण कोणी दिलेले नसते, आणि त्याविषयी बोलण्यासाठी भाषेने शब्दही फारसे दिलेले नाहीत.

भाषेचा हा मुद्दा थोडा अधिक तपासला पाहिजे. या आजारासाठी आज रूढ असलेला ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द जुना आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो क्रोध आणि संमोह यांच्या परिणामांच्या साखळीत येतो. म्हणजे तेथे स्मृतीचा भ्रंश हा एका नैतिक घसरणीतील टप्पा आहे. बोलीतील ‘म्हातारचळ’ या शब्दात तर दोषारोप उघडच आहे, आणि ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आजाराला वयाचा स्वाभाविक धर्म ठरवून मोकळी होते. १९०६ साली आलोइस आल्झायमर या जर्मन वैद्याने एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील विकृती दाखवून दिली, आणि अशा लक्षणांमागे मेंदूचा रोग असू शकतो हे स्पष्ट होऊ लागले. मराठी भाषेत मात्र रोग, दोष आणि वय या तिन्ही कल्पना अजून एकमेकींत गुंतलेल्या आहेत. ज्या भाषेत रोगाचे नावच दोषाच्या इतक्या जवळ उभे आहे, त्या भाषेतील नाट्यकृतींनी वार्धक्याकडे मुख्यतः दोष कोणाचा या दृष्टीने पाहिले, यात नवल नाही.

२

वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. गणपतराव बेलवलकर निवृत्तीनंतर आपली मिळकत मुलांना वाटून देतात आणि पत्नी कावेरीसह प्रथम मुलाच्या व नंतर मुलीच्या आश्रयाला जातात. दोन्ही घरांत त्यांचा पाणउतारा होतो. मुलीच्या घरी पैसे नाहीसे होतात आणि संशय या वृद्ध दांपत्यावर येतो. तो अपमान त्यांना घराबाहेर काढतो. कावेरी वाटेतच साथ सोडते, आणि जुन्या भूमिकांच्या स्मृतींत हरवत चाललेल्या अप्पांना अखेरीस आधार मिळतो तो रस्त्यावर बूट पॉलिश करणाऱ्या राजाचा.

नाटकाची रचना खटल्यासारखी आहे. वृद्ध हा फिर्यादी, मुले आरोपी, प्रेक्षक न्यायाधीश. प्रेक्षकाला निकालाविषयी संशय राहू नये इतका पुरावा नाटककाराने त्याच्यासमोर मांडलेला असतो. १९७३ साली आलेल्या जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’त आरोपीची जागा रिकामी आहे. तेथील एक मुलगा परदेशी असतो, दुसरा सैन्यात जातो आणि मारला जातो; एकाकी झालेले आईवडील अखेर आपणच आपले जीवन संपवितात. दळवी कोणावर ठपका ठेवीत नाहीत. परंतु वृद्धांना हवे आहे ते मुलांचे सान्निध्य, आणि ते नसणे हीच शोकांतिका, ही भूमिका तेथेही कायम आहे. मुले जवळ असूनही प्रश्न सुटत नाही, अशी परिस्थिती या दोन्ही नाटकांच्या कक्षेत येत नाही.

त्या नाटकांनी ती कक्षेत घ्यावयास हवी होती, असा येथे आक्षेप नाही. ‘नटसम्राट’चा विषय स्मृतिभ्रंश नव्हे. आक्षेप आहे तो त्या नाटकाने घडविलेल्या प्रेक्षकाच्या सवयीवर. वृद्ध जे सांगतो ते खरे आणि घरचे जे सांगतात ते स्वार्थी, असे गृहीत धरून रंगमंचावरील प्रसंग पाहण्याची सवय झालेला प्रेक्षक तीच दृष्टी घेऊन शेजारच्या घरात जातो. तेथे एखादी स्मृतिभ्रंश झालेली वृद्धा भेटायला आलेल्या माणसाला हळूच सांगते की, सकाळपासून तिला कोणी जेवायला दिलेले नाही. किंवा सुनेने तिच्या बांगड्या चोरल्या आहेत. ती खोटे बोलत नसते. तासापूर्वीचे जेवण तिच्या स्मृतीत उरलेले नसते. बांगड्या तिने स्वतःच कोठेतरी जपून ठेवलेल्या असतात, आणि ठेवल्याची आठवण पुसलेली असते. चोरीचा असा संशय हे या आजाराचे वैद्यकाला चांगले परिचित असलेले लक्षण आहे. परंतु ऐकणाऱ्या पाहुण्याला बेलवलकर आठवतात. तो सुनेकडे ज्या नजरेने पाहतो, ती नजर नाटकाने तयार केलेली असते.

‘नटसम्राट’मध्ये चोरीचा आळ वृद्धावर येतो. स्मृतिभ्रंशाच्या घरात तो वृद्धाकडून येतो, आणि बहुधा जो सर्वांत अधिक सेवा करतो त्याच्यावरच येतो. या एका उलटापालटीमुळे खटल्याचे सारे स्वरूप बदलते. फिर्यादीची साक्ष विश्वसनीय राहत नाही, तरी त्याचे दुःख खरे असते. आरोपी निर्दोष असतो, तरी तो थकलेला, चिडलेला, आणि आपल्या चिडण्याची लाज वाटणारा असतो. असा प्रसंग न्यायालयाच्या चौकटीत मावत नाही. त्याला निराळा नाट्यबंध लागतो.

३

तो बंध कसा असू शकेल याची एक खूण महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (प्रथम प्रयोग १९८५) सापडते. धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात कर्त्या पुरुषाच्या मृत्यूनंतरचे दिवस चालू आहेत. मुले जमली आहेत. खर्चाचे, वाटणीचे, मानाचे प्रश्न निघत आहेत. आणि या सगळ्यांमधून अतिवृद्ध दादीचा आवाज येत राहतो. ती पुन्हापुन्हा किती वाजले हे विचारते. जो मुलगा आता या जगात नाही, त्याला हाक मारते.

दादी हा नाटकाचा विषय नाही. समीक्षकांनी तिच्याकडे पाहिले ते काळाचे किंवा जर्जर झालेल्या वाड्याचे प्रतीक म्हणून. आणि ते अयोग्यही नाही. परंतु प्रतीक म्हणून वाचण्याच्या घाईत एक साधी वास्तव गोष्ट नजरेआड होते. तिच्या प्रश्नांसह आणि तिच्या हाकांसह घर चालत राहते. प्रश्न शंभराव्यांदा आला तरी तो कोणीतरी ऐकून घ्यावाच लागतो. येथे कोणी कृतघ्न नाही आणि कोणी देवताही नाही. दादीची उपस्थिती घरातील नित्याच्या कामात मिसळून गेली आहे, आणि त्यामुळेच त्या कामाची दखल कोणी घेत नाही. स्मृतिभ्रंशाच्या घराचे इतके अचूक चित्र मराठी नाटकात दुसरे क्वचितच सापडेल. आणि ते अचूक आहे, कारण नाटककाराने ते मुद्दाम विषय म्हणून मांडलेले नाही.

या ठिकाणी ‘शुश्रूषा’ या शब्दाची व्युत्पत्ती उपयोगी पडते. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूच्या इच्छार्थक रूपापासून हा शब्द झाला. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. गुरूचे वचन ऐकू इच्छिणारा तो शुश्रूषू. तेथून सेवा करणे व पुढे रुग्णाची काळजी घेणे असा अर्थ विस्तारत गेला. स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत शब्दाचा मूळ अर्थ पुन्हा जागा होतो. येथे औषधोपचाराला वाव थोडा असतो. जे करावयाचे ते बव्हंशी ऐकण्याचेच असते. तोच प्रश्न, तीच तक्रार, तीच हाक ऐकण्याची इच्छा दररोज नव्याने उत्पन्न करणे हे शुश्रूषेचे खरे स्वरूप. परंतु ती इच्छा अक्षय नसते. ती कशी टिकवावी, कोणी टिकवावी, आणि ती संपत आली असता तिला आधार कोणी द्यावा, हे प्रश्न व्युत्पत्ती सोडवीत नाही. तेथूनच ‘अस्तु’कडे वळावे लागते.

४

‘अस्तु’चे नायक चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे विद्वान व निवृत्त प्राध्यापक आहेत. ज्याचे सारे आयुष्य पाठांतर, अर्थनिर्णय आणि परंपरेचे स्मरण यांत गेले, त्याच्याच स्मृतीचा ऱ्हास दाखविण्यात योजकता आहे. पण ती वरवरची नाही. शास्त्रींच्या तोंडी श्लोक शाबूत राहतो आणि समोरची व्यक्ती कोण हे मात्र कळत नाही, ही विसंगती या आजाराच्या स्वभावाला धरून आहे. जुने पाठ केलेले पुष्कळदा अलीकडच्या अनुभवाहून अधिक काळ टिकते. कन्या इरा हिच्याबरोबर बाहेर गेले असता शास्त्रींना रस्त्यात हत्ती दिसतो, आणि तिची दृष्टी चुकवून ते त्या हत्तीच्या मागोमाग निघून जातात. हत्ती घेऊन फिरणाऱ्या माहुताच्या कुटुंबात ते पोहोचतात. तेथे माहुताची बायको चन्नम्मा त्यांना खाऊपिऊ घालते, निजविते, सांभाळते. इकडे इरा व तिचे कुटुंब त्यांच्या शोधात असते. हरवणे आणि सापडणे यांच्या मधल्या काळात पूर्वायुष्य तुकड्यातुकड्यांनी उलगडते.

मोहन आगाशे, इरावती हर्षे व अमृता सुभाष यांनी या तीन भूमिका केल्या आहेत. चन्नम्मेच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्रीचा, आणि संवादांसाठी सुमित्रा भावे यांना असे दोन राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाच्या वाट्याला आले. आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ, आणि २०२१ साली दिवंगत झालेल्या सुमित्रा भावे यांची पूर्वतयारी समाजकार्याच्या शिक्षणातली. लक्षणांच्या चित्रणात जी संयत यथार्थता दिसते, तिचे श्रेय या पार्श्वभूमीकडे जाते. वेडाचे हास्यास्पद किंवा भीषण चित्र रंगविण्याचा मोह चित्रपटाने पूर्णपणे टाळला आहे.

त्याची खरी कामगिरी दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे, तो न्यायालयाच्या चौकटीतून बाहेर पडतो. इरा कृतघ्न नाही. पित्याविषयीच्या प्रेमात आणि आपल्या संसाराच्या गरजांत ती सारखी ओढली जाते. दोघी बहिणींची पित्याविषयीची वृत्ती सारखी नाही, आणि दोन्ही वृत्तींना कारणे आहेत. ती क्षणभर दूर झाली आणि वडील हरवले, ही घटना अपराध म्हणून नव्हे, तर थकलेल्या माणसाच्या हातून अटळपणे घडणारी गोष्ट म्हणून दाखविली आहे. चोवीस तास कोणावर नजर ठेवणे एका माणसाला शक्य नसते, ही साधी गोष्ट मराठी प्रेक्षकाला इतक्या स्पष्टपणे पूर्वी सांगितली गेली नव्हती.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. चन्नम्मेला शास्त्रींचा पूर्वेतिहास माहीत नाही. ते कोण होते हे तिला ठाऊक नसल्यामुळे, ते आता कोण राहिले नाहीत याचे दुःखही तिला नाही. इरा पित्याकडे पाहते तेव्हा तिला प्रत्येक वेळी एक विद्वान नाहीसा होताना दिसतो. चन्नम्मेला दिसतो तो भुकेला, भांबावलेला म्हातारा. म्हणून तिला त्यांची चूक सुधारावीशी वाटत नाही, आठवण करून द्यावीशी वाटत नाही. ती त्यांच्या वर्तमानात सहज शिरते. ही चित्रपटातील सर्वांत मोलाची अंतर्दृष्टी. रुग्णाशी वाद घालू नये, त्याची परीक्षा घेऊ नये, तो ज्या क्षणात आहे तेथे त्याला भेटावे, असे या आजाराचे जाणकार कुटुंबीयांना सांगतात. तेच चित्रपट एका निरक्षर वाटणाऱ्या स्त्रीच्या वागण्यातून सांगतो. ‘अस्तु’ या शीर्षकातील स्वीकाराचा अर्थ येथे मूर्त होतो.

परंतु याच ठिकाणी चित्रपटाची मर्यादाही सुरू होते. चन्नम्मेचे वागणे चित्रपट मातृत्वाच्या रूपकातून समजावतो. शास्त्री तिच्यात आई शोधतात, आणि तीही त्यांना लेकरासारखे सांभाळते. वार्धक्य म्हणजे दुसरे बालपण, ही लोकांच्या तोंडी असलेली कल्पना त्यामागे आहे. ती मनाला भिडते, पण तपासून पाहिली असता दिशाभूल करते. मूल आज जे शिकत नाही ते उद्या शिकते. आईच्या श्रमाला त्या उद्याचा आधार असतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचा उद्या आजच्याहून कमी असतो. मुलाला उचलता येते. सत्तर किलो वजनाच्या, स्नानाला विरोध करणाऱ्या पुरुषाला उचलता येत नाही. मुलाला आपण मोठे होतो, हे कधी आठवत नाही. वृद्धाला ते अधूनमधून आठवते, आणि त्याला लहान मुलासारखे वागविले की तो अपमानाने पेटून उठतो. रूपक जेथे संपते तेथून शुश्रूषेची खरी अडचण सुरू होते, आणि चित्रपट तेथपर्यंत जात नाही.

त्याला जावे लागत नाही, कारण चन्नम्मेच्या वाट्याला आलेला काळ थोडा आहे. हा आजार वर्षानुवर्षे चालतो. संध्याकाळ झाली की वाढणारी अस्वस्थता, मध्यरात्री उठून ‘घरी जायचे’ म्हणून दाराशी जाऊन बसणे, मलमूत्रावरील ताबा सुटणे, आणि या सगळ्यात सांभाळणाऱ्याची झोप नाहीशी होणे: यांतील प्रत्येक गोष्ट एकदा सोसणे आणि हजार वेळा सोसणे यांत केवळ संख्येचा नव्हे, तर जातीचा फरक आहे. पहिल्या दिवशीची चन्नम्मा खरी आहे. हजाराव्या दिवशी ती कशी वागली असती, हे इरेला विचारले पाहिजे. कारण इरा त्या दिवसापर्यंत येऊन पोहोचलेली चन्नम्माच आहे. कालावधीतील या फरकामुळे दोघींची तुलना इरेवर अन्याय करणारी ठरते. हा अन्याय चित्रपटाच्या हेतूत नाही, तो त्याच्या रचनेत आहे. आणि प्रेक्षक रचनेकडून शिकतो, हेतूकडून नव्हे.

५

‘नटसम्राट’मधील राजा आणि ‘अस्तु’तील चन्नम्मा यांना शेजारी ठेवले की आणखी एक गोष्ट लक्षात येते. दोन्ही कृतींत उच्चशिक्षित किंवा कीर्तिमंत वृद्धाला घराबाहेर, रस्त्यावर जगणाऱ्या गरीब माणसाकडून मायेचा आधार मिळतो. दोन्हींत तो आधार अनपेक्षित, निरपेक्ष आणि विनामूल्य आहे. दोन्ही कृतींत तो देणाऱ्याच्या अंगच्या चांगुलपणातून येतो. कोणी त्याला तो देण्यास शिकविलेले नाही, आणि कोणी त्याचे मोल विचारीत नाही.

प्रत्यक्ष जीवनातही मध्यमवर्गीय वृद्धाची शुश्रूषा पुष्कळदा गरीब परकी स्त्रीच करते. शहरांत ती ‘ब्युरो’कडून येते, बारा किंवा चोवीस तासांच्या पाळीवर येते, बहुधा स्वतःचे घर आणि मुले मागे टाकून येते. तिला ‘मावशी’ म्हणतात. या एका नात्याच्या शब्दात पुष्कळ काही झाकले जाते. मावशीला साप्ताहिक सुटी मागणे अवघड जाते. मावशीने रात्रीच्या जागरणाचे वेगळे पैसे मागितले तर तिची माया आटली असे वाटते. मावशीला या आजाराचे शिक्षण द्यावे, हे कोणाच्या मनात येत नाही, कारण माया शिकवावी लागत नाही अशी समजूत असते. आणि घरातील वस्तू सापडेनाशी झाली की रुग्णाचे बोट प्रथम तिच्याकडेच वळते. चन्नम्मा ही या मावशीची आदर्श प्रतिमा आहे. फरक इतकाच की, चन्नम्मेच्या बाबतीत वेतनाचा प्रश्न उद्भवणार नाही अशी कथानकाने व्यवस्था केली आहे.

फ्रेंच नाटककार फ्लोरियाँ झेलेर यांच्या ‘पिता’ या २०१२ सालच्या नाटकाशी, आणि त्यांनीच २०२० साली केलेल्या त्याच्या इंग्रजी चित्रपटाशी तुलना केली असता हा मुद्दा स्पष्ट होईल. तेथे वृद्ध पित्याला मोलाने ठेवलेली शुश्रूषा करणारी स्त्री मान्य होईल की नाही, यावरच नाट्य उभे आहे. आधीच्या बाईने घड्याळ चोरले असे म्हणून त्याने तिला घालवून दिलेले असते. घड्याळ अर्थात त्यानेच लपविलेले असते. मुलीचे पुढचे आयुष्य या व्यवस्थेवर अवलंबून आहे. अखेरीस तो एका शुश्रूषागृहात असतो आणि आईसाठी रडतो. त्या क्षणी त्याला जवळ घेते ती तेथील परिचारिका. ‘अस्तु’तील हाक येथेही आहे: वृद्धाने आईला मारलेली. परंतु जवळ घेणारी स्त्री ते आपल्या कामाच्या वेळेत, वेतन घेऊन करते. आणि त्यामुळे तिच्या स्पर्शातील करुणा तसूभरही उणी होत नाही. वेतन आणि करुणा एका माणसात नांदू शकतात, हे त्या नाटककाराने सहज धरून चालले आहे. मराठी कलाकृतींना ते अजून अवघड जाते.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. कलाकृती म्हणजे मार्गदर्शनाची पुस्तिका नव्हे. पाळ्या, वेतन, दाराची कडी, खिशातील पत्त्याची चिठ्ठी यांची चर्चा तिच्याकडून का अपेक्षावी? ‘अस्तु’ हे स्मृती आणि स्वीकार यांविषयीचे चिंतन आहे; त्याला व्यवहाराच्या मापाने मोजणे म्हणजे रसभंग होय. आक्षेपातील पहिला भाग मान्यच आहे. माहिती देणे हे कलेचे काम नव्हे. परंतु व्यवहार हा नाट्याच्या बाहेरचा प्रदेश आहे, हे गृहीत मान्य करता येत नाही. झेलेर यांच्या नाटकात नवी बाई ठेवण्याचा क्षुल्लक वाटणारा प्रसंगच कळस ठरतो, आणि ‘वाडा चिरेबंदी’त किती वाजले या प्रश्नातच एका घराची अवस्था सामावते. नाट्य कोठे शोधावे ही निवड कलावंताची असते, आणि निवडीची समीक्षा करता येते. स्वीकाराचे चिंतन करणाऱ्या कृतीने स्वीकाराचा खर्च कोण भरतो हे वगळले, तर ते चिंतन अपुरे राहते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

६

चन्नम्मेच्या ठायी जे उपजत म्हणून दाखविले आहे, ते शिकविता येते काय? या प्रश्नाला मराठी भाषकांच्या शेजारीच, गोव्यात, एक उत्तर मिळालेले आहे. अमित डायस, विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनी गोव्यातील दोन तालुक्यांत केलेल्या एका प्रयोगाचा वृत्तांत २००८ साली प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती घरात असलेली ८१ कुटुंबे त्यात होती. चिठ्ठ्यांच्या पद्धतीने त्यांचे दोन गट केले; एका गटाला ताबडतोब आणि दुसऱ्याला नंतर साहाय्य देण्यात आले. साहाय्य देणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते. स्थानिक भाषा जाणणारे, अल्पकालीन प्रशिक्षण घेतलेले गृहसल्लागार नियमितपणे घरी जात. त्यांच्यामागे मनोविकारतज्ज्ञांची देखरेख असे.

ते काय करीत, हे पाहण्यासारखे आहे. हा आजार आहे, खोडसाळपणा नव्हे, हे ते घरच्यांना समजावीत. स्नान, जेवण, कपडे यांसारख्या रोजच्या गोष्टी कशा पार पाडाव्यात आणि त्रासदायक वागण्याला कसे सामोरे जावे, हे सांगत. गरज पडल्यास डॉक्टरांकडे पाठवीत. वृद्धांसाठीच्या शासकीय योजनांची माहिती देत, आणि एकाच स्थितीतील कुटुंबांची परस्परांशी गाठ घालून देत. यांत असामान्य असे काहीच नाही. तरीही सहा महिन्यांच्या अखेरीस साहाय्य मिळालेल्या कुटुंबांतील सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य दुसऱ्या गटाच्या तुलनेने सुधारलेले आढळले, आणि रुग्णाच्या वागण्यामुळे होणारा त्यांचा मनस्ताप कमी झाला. थोडक्यात, चन्नम्मेचे शहाणपण हे केवळ देणगी नसून विद्याही आहे; ती साध्या माणसाला शिकविता येते, आणि ते काम म्हणून करविता येते. १९९२ साली केरळात सुरू झालेल्या भारतातील आल्झायमर संस्थेने आणि जागतिक आरोग्य संघटनेने सांभाळणाऱ्यांसाठी २०१९ साली काढलेल्या पुस्तिकेने हीच दिशा धरली आहे. त्या पुस्तिकेतील एक स्वतंत्र विभाग रुग्णाच्या नव्हे, तर सांभाळणाऱ्याच्या स्वतःच्या काळजीला दिलेला आहे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

याउलट, कायद्याची कल्पनाशक्ती ‘नटसम्राट’च्या जवळची आहे. माता-पिता व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठी २००७ साली झालेला अधिनियम उपेक्षा करणाऱ्या मुलांकडून निर्वाहखर्च वसूल करण्याची सोय करतो. त्याची कमाल मर्यादा दरमहा दहा हजार रुपये अशी घालून देतो. आणि वृद्धाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगतो. बेलवलकरांना या कायद्याचा उपयोग झाला असता. इरेला त्यात काही नाही. जी मुलगी वडिलांना टाकून देत नाही, उलट त्यांना सांभाळून स्वतः मोडकळीस येते, तिच्यासाठी त्या अधिनियमात वेगळी तरतूद केलेली आढळत नाही. आठवड्यातून काही तास वडिलांना विश्वासाने ठेवता येईल असे दिवसाचे केंद्र, घरी येणारा सल्लागार, रात्रीसाठी शिकलेली मदतनीस, या तिच्या गरजा आहेत. त्यांची भाषा हक्काची नाही आणि त्यागाचीही नाही. ती व्यवस्थेची भाषा आहे. उपेक्षा हाच एकमेव दोष आणि प्रेम हाच एकमेव उपाय, असे ज्या समाजाची नाटके त्याला शिकवितात, त्या समाजाला ही भाषा लवकर सुचत नाही.

‘अस्तु’चे ऐतिहासिक स्थान यावरून निश्चित करता येईल. त्याने मराठी प्रेक्षकाला न्यायासनावरून खाली उतरविले आणि थकलेल्या कन्येच्या शेजारी आणून बसविले. हे श्रेय मोठे आहे आणि त्याबाबत दुमत होऊ नये. परंतु कन्येचे ओझे त्याने दुसऱ्या एका स्त्रीच्या मांडीवर ठेवले, आणि त्या मांडीला आई हे नाव देऊन तो थांबला. पुढील कृतीला त्याच्यापुढे जावयाचे असेल, तर तिने चन्नम्मेला दुसऱ्या दिवशी सकाळी, तिसऱ्या महिन्यात, चौथ्या वर्षी पाहिले पाहिजे. तिला पगार किती मिळतो, ती कोणाला सांगून सुटी घेते, आणि तिच्या स्वतःच्या म्हाताऱ्या आईला गावी कोण सांभाळते, हे विचारले पाहिजे. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा असेल, तर त्या कृतीने ऐकावयाचा आवाज हाच आहे.